साखर माझ्यासमोर घाल

तांबेबाई कुणाला 'कशी आहेस' असं कधी विचारत नसत. 'खाल्लंस काय?' एवढंच. आमच्या लॅबच्या दारात पाऊल ठेवलं की हाच प्रश्न. रक्त द्यायला आलेल्या माणसालाही तोच, कारण त्याला उपाशीपोटी यायला सांगितलेलं असायचं आणि अर्धे लोक चहा-बिस्किट खाऊन यायचे. कुरिअरवाल्यालाही तोच. सकाळी लॅबचे डॉक्टर गाडीची किल्ली बोटात फिरवत आत आले की त्यांनाही तोच. वयानं बाईंपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. ते हसून म्हणायचे, "खाल्लं, बाई." बाई त्यांच्या तोंडाकडे नीट बघायच्या. "घरचं की टपरीवरचं?"

आणि फॉर्मेलीनच्या बाटलीत बुडून आलेल्या मांसाच्या तुकड्यालाही त्या विचारायच्या, फक्त शब्द वेगळे. बाटली उजेडात धरायची, जराशी हलवायची आणि आतल्या गाठीला म्हणायचं, "काय खाऊन वाढलास रे मेल्या?"

मी त्या लॅबमध्ये फरशी पुसायला आणि काचेची भांडी धुवायला होते. अजून आहे. माझं गाव जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. सातवीत शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्यामागनं इकडं हातखंब्याच्या पलीकडं चिरेखाणीवर आले. खाणीची तांबडी धूळ छातीत बसायला लागली तेव्हा कुणीतरी सांगितलं, रत्नागिरीत रक्त तपासायच्या ठिकाणी बाई पाहिजे. मी आले. मला सगळ्याची भीती. समुद्राची, मासळीच्या वासाची, इथल्या उतारांची, इंग्रजी पाट्यांची. त्या बाटल्यांची तर फारच. फडक्यानं टेबल पुसताना बाटल्यांच्या भोवती मी हातभर जागा सोडायची. ती धूळ बाईंनी तिसऱ्या दिवशी बघितली.

"ही सीमारेषा कुणी आखली?"

मी फडकं पिळत राहिले.

"घाबरतेस त्याला?"

"व्हय, बाई."

"ते चावत नाय. चावायचं होतं ते चावून झालं. ये इकडं."

त्यांनी मला त्यांच्या स्टुलावर बसवलं. मला, फडकं हातात असलेल्या बाईला. दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम खाली गुलाबी आणि जांभळं काहीतरी पसरलं, लुगड्यावर छापलेल्या बुट्ट्यांसारखं. गोल गोल भोकं, ओळीनं.

"ही आतड्याची आतली बाजू," बाई म्हणाल्या. "निरोगी माणसाची. ही भोकं म्हणजे विहिरी समज. पेशी तळाला जन्मते, भिंतीच्या कडेनं वर चढत येते, काठावर पोचली की चार-पाच दिवसांत तिचं काम संपतं. मग आपलं आपण आवरते, पुड्या बांधल्यासारखी बारीक होते, सुटून जाते. शेजारणी उरलंसुरलं खाऊन टाकतात. तू इथं बसलीस तेवढ्यात तुझ्या पोटात लाखो गेल्या."

"मला काय कळलं न्हाई."

"कळणारच नाय. शहाण्याचं मरण असं असतं. शेजारी रडत नाय."

मग त्यांनी दुसरी काच लावली. तिच्यात विहिरी राहिल्याच नव्हत्या. एकीच्या पोटात दुसरी घुसलेली, वाकड्या, चिरडलेल्या, आणि मधोमध मळकट चिखल. हा कॅन्सर, असं त्यांनी सरळ सांगितलं. इथं बाकी सगळे 'ते' म्हणतात, 'तसलं काही' म्हणतात. बाई म्हणाल्या, "ह्या पेशींना पण मरायचा निरोप गेला होता. ह्यांनी दार उघडलं नाय. मग मरण काय टळलं? ह्या मधल्या पेशी बघ. जागा नाय, अन्न नाय, फुटून सडल्या नि आजूबाजूला आग लावून गेल्या. नीट मरायचं नाकारलं की असं मरावं लागतं."

मी उठून परत फडकं घेतलं. त्या दिवसापासून बाटल्यांभोवतीची धूळ गेली.

बाई मूळच्या संगमेश्वराकडच्या, बौद्धवाडीतल्या. वडील मुंबईत कारखान्यात होते. त्यांच्याकडं राहून बाईंनी लॅबचा डिप्लोमा केला आणि परत येऊन हेच काम धरलं. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या तुकड्याच्या चकत्या कापायचं. मायक्रोटोम म्हणतात त्या यंत्राला. चाक फिरवलं की पात्यावरून मेणाची फीत निघते, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा कितीतरी पातळ, आणि ती ब्रशच्या टोकानं उचलून कोमट पाण्यावर सोडायची. बाईंची फीत निघायला लागली की पंखा बंद. बोलणं बंद. डॉक्टरसुद्धा दारात थांबायचे. फुंकरीनं उडून जाईल अशी ती फीत पाण्यावर सुरकुती न पडता पसरली की बाई श्वास सोडायच्या आणि मग कुणाला तरी टोमणा मारायच्या. मला बहुतेक. "काय गो घाटावरची, तुझी भाकरी अशी थापशील काय?"

एकदा फीत पसरताना त्या आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माझ्या आजीला गावच्या विहिरीच्या काठाला हात लावू देत नव्हते. मी दिवसाला शेकड्यानं विहिरी कापते. सगळ्या जातींच्या. आतून एकीचीही ओळख पटत नाय."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "बघायला आले होते तिघं. मी पण नीट बघितलं."

दुपारी डबा खाताना त्या मला शिकवायच्या. का, ते मला कळलं नाही. सातवी शिकलेल्या बाईला हे सांगून काय मिळणार होतं? पण त्या सांगायच्या, आणि मी घास हातात धरून ऐकायची.

"आतड्याच्या पेशीचं जेवण काय, सांग."

"भात?"

"भात वरच्या वर संपतो गो. हिच्यापर्यंत पोचतो तो भाजीचा चोथा, डाळीची सालं, कुळथाचं उरलंसुरलं. ते पण ही खात नाय. तिथले जंतू खातात, आणि त्यांच्या खाण्यातून जे आंबूस निघतं त्याच्यावर ही जगते. उष्ट्याचं उष्टं. त्यातच खूश असते. आणि गंमत बघ, हीच पेशी बिघडली की तिला ते नको होतं. मग तिला साखर लागते. पहिलं जेवण मग तिच्यात नुसतं साचतं, आणि साचलेलं ते तिला सांगत राहतं, बाय, तुझी वेळ झाली."

"आणि साखर?"

"सुकं लाकूड नीट जाळलं तर मूठभर राख नि भरपूर धग. ओलं लाकूड नुसतं धुमसतं. गाठीची पेशी साखर अशी अर्धवट जाळते. धग कमी, धूर फार. म्हणून खाते भसाभसा. आणि न जळलेल्या लाकडाच्या दांड्या करून पिलावळीसाठी खोपटी बांधते."

यातलं माझ्या डोक्यात राहिलं ते एवढंच. खाते भसाभसा.

बाईंच्या नावाची बाटली एका मंगळवारी आली. ट्रे मीच आत नेत होते. चिठ्ठ्या वाचायची मला सवय लागली होती, अक्षर लावत लावत. सु. रा. तांबे. वय बरोबर. मी ट्रे घेऊन तिथंच उभी राहिले. त्या मागून आल्या आणि बाटली उचलून घेतली.

त्यांनी आतड्यात कॅमेरा घालून तपासणी करून घेतली होती, कुणाला न सांगता. आठ महिने संडासातून रक्त जात होतं. आठ महिने त्यांनी मूळव्याध म्हणून सुरण खाल्ला होता.

डॉक्टर म्हणाले, "बाई, हे मी बाहेरगावी पाठवतो."

"का? माझा हात वाईट आहे?"

"तसं नाही हो..."

"मग ठेवा इथं. माझा तुकडा कुणी जाड कापला तर मला झोप नाय लागायची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंखा बंद केला आणि स्वतःचा ठोकळा कापला. हात नेहमीसारखाच होता. फीत सलग आली, एक सुरकुती नाही. रंग दिले. आधी डॉक्टरांनी बघितलं, खूप वेळ, आणि मान वर न करता बाजूला सरकले. मग बाई बसल्या. मी दाराशी होते.

"काय खाऊन वाढलास रे मेल्या?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "माझंच. दुसरं कोण देणार तुला."

डॉक्टर काहीतरी धीराचं बोलायला लागले. बाईंनी हात वर केला. "रिपोर्टात 'शक्यता' वगैरे लिहू नका. स्लाइड मी कापलेली आहे. स्वच्छ दिसतंय."

ऑपरेशन मुंबईला झालं, त्यांच्या भावाकडं राहून. परत आल्या त्या पोटाला पिशवी लावून. जखम भरेपर्यंत आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं होतं. पुढं बारा डोस घ्यायचे होते, दर पंधरा दिवसांनी एक, इथल्याच हॉस्पिटलात. केमोच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की डोस वेळेवर पूर्ण होणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी अंगात ताकद पाहिजे. बाईंनी ते आपल्या पद्धतीनं मला समजावलं. "उरल्यासुरल्या पेशी कुठं लपल्या असतील त्यांना हे औषध मरायची आठवण करून देतं. आठवण एकदा देऊन भागत नाय. कोडग्या असतात."

आमच्या डॉक्टरांनी माझी लॅबमधली वेळ सकाळपुरती केली. दुपारी मी मांडवीला बाईंच्या घरी जायची. दोन खोल्या, मागच्या खिडकीतून समुद्र. पेज करायची, चहा करायची, कपडे धुवायची. पिशवी त्या स्वतः बदलायच्या. मला वाटायचं, माझ्यावर त्यांचे केवढे उपकार आहेत. मला स्टुलावर बसवणारं दुसरं कोण भेटलं होतं? आणि आता त्यांचा जीव माझ्या हातच्या पेजेवर. 

त्यातच बाईंच्या भावानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. बाईंनी तो बघितला नाही. मला म्हणाल्या, "बघ काय आहे ते, नि पुसून टाक." पांढरा डगला घातलेला एक माणूस बोट नाचवत सांगत होता, साखर बंद करा, भात बंद करा, फळं बंद करा, गाठ उपाशी मरेल. मी तो तीनदा बघितला. तो नवीन काही सांगत नव्हता. बाईंनीच तर सांगितलं होतं, भसाभसा खाते. मग आपण तिला रोज दोन चमचे घालतो कशाला?

मी कुणाला विचारलं नाही. माझ्यासारखी बाई असलं काही विचारायला घाबरते आणि करायला घाबरत नाही, हे मला तेव्हा कळलं.

चहात साखर घालायची बंद केली. बाईंच्या तोंडाची चव औषधानं गेली होती, सगळं त्यांना पत्र्यासारखं लागायचं, त्यामुळं कळायचं नाही. पेजेत तांदूळ निम्मा केला, मग मूठभर, मग नुसतं वरचं पाणी. कुळथाचं सार, उकडलेल्या भाज्या, एक अंडं. गूळ डब्यात तसाच. तेव्हा आंब्याचे दिवस होते. शेजारच्या नजमाभाभींनी आपल्या झाडाचे हापूस करंडीभर पाठवले. बाई झोपल्या होत्या. वास घरभर सुटला. मी ती करंडी उचलून मागच्या वाटेनं नेली आणि रिक्षा स्टँडवरच्या लोकांना वाटून टाकली. येताना मला वाटलं, आज मी त्या गाठीच्या तोंडचा घास काढला.

चौथ्या डोसाला वजन झालं. केमोच्या डॉक्टरांनी काटा दुसऱ्यांदा बघितला. "ताई, सहा किलो उतरलंय. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी आहेत. आज डोस देता येणार नाही. वजन असंच उतरत राहिलं तर पुढचंही थांबवावं लागेल."

"मी तर दोन वेळा जेवते," बाई म्हणाल्या.

आम्ही रिक्षा केली. घराच्या फाटकाशी उतरलो तर नजमाभाभी कपडे वाळत घालत होत्या. कुंपणावरून हसून म्हणाल्या, "बाई, आंबे गोड निघाले की नाही? काही बोललाच नाहीत."

"कुठले आंबे?"

भाभींनी माझ्याकडं बघितलं. बाईंनी पण. मग त्या म्हणाल्या, "निघाले हो भाभी, गोड निघाले." आणि आत गेल्या. मी मागनं गेले. त्या खुर्चीवर बसल्या, चप्पल न काढता.

"किती दिवस?"

"दीड महिना."

"चहात पण?"

मी मान हलवली.

"आणि मी समजते, तोंडाची चव गेली." त्या हसल्या, आणि ते हसणं मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. "का केलंस?"

"तुमीच म्हणला हुता, खाती भसाभसा. म्हटलं, तिला मिळालंच न्हाई तर..." 

बाईंनी चप्पल काढून बाजूला सारली. मग म्हणाल्या, "अर्धं शिकवलं मी तुला. ती चूक माझी. आता उरलेलं ऐक, नि रडायचं ते नंतर रड. घरात चोर शिरला म्हणून घरच्यांचं जेवण बंद करतात काय? चोर उपाशी राहत नाय गो, तो कोठी फोडतो. मी खाल्लं नाय तर माझं शरीर माझंच मांस मोडतं, त्याची साखर करतं नि रक्तात सोडतं. गाठीला तिचं मिळतंच. मग उपाशी राहिलं कोण?" त्यांनी दंडाची कातडी चिमटीत धरून दाखवली. "हे. आणि औषधाच्या झटक्यात माझ्या चांगल्या पेशी पण मरतात, त्या परत कशावर उभ्या राहायच्या? तुझ्या भाजीच्या पाण्यावर? कागदावर साखरेचं नि गाठीचं जे आहे ते खरं आहे. पण त्यावरून जेवणाचं ताट उचलायचं कुणी सांगितलं नाय. माझं भांडण गाठीशी आहे. भाताशी नाय. आंब्याशी तर नायच नाय."

मी म्हणाले, उद्यापासून मी येत नाही, दुसरी बाई बघा.

"आणि पेज कोण करणार? तो डगलेवाला? चुकलीस ना, मग निस्तर. चहा टाक. नि साखर माझ्यासमोर घाल."

मी डबा आणला. त्यांच्यासमोर दोन चमचे घातले. त्यांनी एक बोट वर केलं. तिसरा घातला.

मग त्यांनी भावाला फोन लावला. "त्या माणसाला सांग, आधी एक स्लाइड कापून दाखव म्हणावं." आणि ठेवून दिला.

त्या दिवसापासून रोज चहा त्यांच्यासमोर. पेजेत तांदूळ किती घातला तेही दाखवायचं. वर तूप, वर बांगडा. दर सोमवारी लॅबमधल्या काट्यावर वजन, आणि तो आकडा मी कॅलेंडरवर माझ्या हातानं लिहायचा. नजमाभाभींनी आंब्याची दुसरी करंडी पाठवली. बाईंनी पहिला आंबा सोलला, रस कोपरापर्यंत ओघळू दिला आणि मला म्हणाल्या, "बघ, नीट बघ. गाठ बघतेय नि मी खातेय." तीन आठवड्यांनी राहिलेला डोस मिळाला. मग पुढचे.

त्या औषधाची एक खोड होती. गार वस्तूला हात लावला की बोटांना विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. बाईंना बर्फातली मासळी धरता येईना. आयुष्यभर ज्या कल्ला उचलून बघितल्याशिवाय सुरमई घेत नव्हत्या, त्या आता टोपलीपासून दोन पावलं लांब उभ्या राहायच्या आणि मला हुकूम सोडायच्या, "उचल कल्ला. रंग सांग." मी, मासळीला घाबरणारी, दोन बोटांनी कल्ला उचलायची. "लाल हाय." "कसला लाल? कुंकवासारखा की विटेसारखा?" कोळीण हसून म्हणायची, "बाई, ह्या घाटावरच्या मावशीला मासळी कळायला लागली की आमचा धंदा बसला."

त्या कल्ल्याचंच त्यांनी विहारात भाषण केलं. रविवारी वंदना झाली, बायका चहासाठी थांबल्या होत्या, बाई उठून उभ्या राहिल्या. केस गेलेले नव्हते पण विरळ झाले होते, पदराखाली पोटावर पिशवीचा फुगवटा दिसत होता आणि तो त्यांनी झाकला नव्हता.

"मासळी घेताना कल्ला उचलून बघता ना? लाल आहे की काळा? तेव्हा लाज वाटते कुणाला? मग सकाळी संडासातून उठताना मान वळवून पाणी का ओतता?"

बायका हसायला लागल्या. एकीनं पदर तोंडावर घेतला.

"हसा. मी पण आठ महिने हसले. दुसऱ्यांच्या आतड्यांच्या चकत्या कापणारी मी, स्वतःचं रक्त बघितलं नि मूळव्याध म्हटलं. शिकलेल्या बाईची ही गत. रक्त दिसलं, सवय बदलली, वजन उतरलं, तर डॉक्टरकडं जायचं. लवकर सापडलं तर कापून मोकळं होता येतं. बघितल्याशिवाय उठायचं नाय."

मागं बसलेले नाना, वस्तीतले जुने माणूस, म्हणाले, "सुमे, विहारात असलं बोलायचं काय?"

"मग कुठं बोलू नाना? माझ्या शोकसभेत?"

"तसं नाय गो. पण शेवटी ज्याची त्याची वेळ असते. ती आली की जायचं."

बाई म्हणाल्या, "वेळेवर मरणं हे पेशीचं काम, नाना. मी पेशी नाय, माणूस आहे. माझी वेळ सांगायला येईल त्यानं माझ्याशी आधी भांडावं लागेल."

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये तीन बायका आल्या, पदराखाली तपासणीची डबी लपवून. मी त्यांना हातानंच आत बोलावलं. बाई त्या दिवशी वजन करायला येऊन खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी तिघींना विचारलं, "खाल्लंस काय?"

बारा डोस पूर्ण झाले. पोटावरचं तोंडही मग बंद झालं. बाई मायक्रोटोमवर परत बसल्या, पंखा बंद केला, चाक फिरवलं. फीत आली. ब्रश उचलला आणि तो बोटातून निसटून पाण्यात पडला. परत उचलला, परत पडला. बोटांची टोकं औषधानं बधिर झाली होती. त्यांनी अंगठ्यानं एकेक बोट दाबून बघितलं, जसं बाजारात केळं दाबून बघतात.

"ह्यांना काही कळत नाय आता," त्या म्हणाल्या.

चिपळूणची एक मुलगी लॅबला लावून घेतली होती, नुकती डिप्लोमा झालेली. बाई तिच्या मागं स्टूल घेऊन बसायला लागल्या. हात लावता येत नव्हता, म्हणून कानानं शिकवायच्या. "कर्रकर्र आवाज येतोय, पातं बोथट झालंय. आता बघ, चाक जड चाललंय, ठोकळा गार कर." डोळे मिटून. मुलगी घाबरायची तेव्हा मी तिला डोळ्यांनी सांगायची, घाबरू नको, ही चावत नाही.

वर्ष पुरं व्हायच्या आत तपासणीत यकृतावर दोन डाग दिसले. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. बाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली, बघितली, आणि म्हणाल्या, "सापडलात. मला वाटलं होतं, लपायला जरा बरी जागा शोधाल." मुंबईला परत ऑपरेशन करायचं ठरलं. भाऊ म्हणत होता, वय झालंय, कशाला त्रास. बाईंनी स्वतः फोन करून तारीख घेतली.

त्या ऑपरेशनातून बाई उठल्या नाहीत. हे मला लॅबमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, किल्ली मुठीत घट्ट धरून. मी भांडी धूत होते. ती सगळी धुवून झाल्यावर मी बसले.

पण मला बाई दिसतात त्या आदल्या आठवड्याच्या, हातखंब्याला. भावाची गाडी मुंबईला निघाली होती. माझी खोली त्या बाजूलाच, म्हणून मला तिथपर्यंत गाडीत घेतलं. तिथल्या तिठ्यावर, तीन रस्ते फुटतात तिथं, बाई म्हणाल्या, थांबा, चहा प्यायचाय. भाऊ म्हणाला, उशीर होतोय. बाईंनी तोवर दार उघडलं होतं.

टपरीवाल्यानं चहाचं आधण नुकतंच ठेवलं होतं. "बिनसाखरेचा दे," बाई म्हणाल्या. भावानं चमकून बघितलं. बाईंनी ग्लास दोन्ही तळव्यांत धरला, बोटांत धरता येत नव्हता म्हणून, आणि माझ्यापुढं केला. "घाल गो."

मी टपरीवाल्याचा साखरेचा डबा ओढला. एक चमचा घातला. दुसरा घातला. थोडी साखर फळीवर सांडली. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी तिसरा घातला आणि ढवळलं.

"खाल्लंस काय?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"खोटं बोलतेस. ए, हिला दोन वडे दे." आणि मी पहिला घास घेईपर्यंत त्यांनी चहाला तोंड लावलं नाही.

मग त्या गाडीत बसल्या. भावानं गाडी सुरू केली. ट्रक जात होते, धुरळा उडत होता, चहाचा ग्लास अजून बाईंच्या तळव्यांतच. टपरीवाला ओरडला, "ओ ताई, ग्लास!" बाईंनी शेवटचा घोट घेतला, दोन्ही हात खिडकीबाहेर काढले, आणि मला दिसेल असा तो ग्लास उलटा धरला. एक थेंब पडला नाही.